दाजी, लागला का?

"दाजी, लागला."

उत्तम मध्यरेषेवर पालथा पडला होता. तोंडात माती, एक हात त्यांच्या हद्दीत, आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडं.

"काय लागला?" मी म्हणालो.

"हात. तुमच्या गालाला. चला, बाहेर व्हा."

"तुझा हात माझ्या गालाला लागला असता तर मला कळलं नसतं व्हय रं?"

हा उत्तम म्हणजे माझा सख्खा मेहुणा. माझ्या बायकोचा, शालनचा, एकुलता एक भाऊ. सासू-सासरे गेल्यावर तिचं माहेर म्हणजे काय ते हाच. पण त्या दिवशी तो कासारखेडचा चढाईपटू होता आणि मी पिंपरवाडीचा डावा कोपरा. आमच्या जत्रेतल्या कबड्डीचा शेवटचा सामना, गुण बरोबरीत, आणि ही शेवटची चढाई. हात लागला असेल तर ढाल कासारखेडला. नसेल तर पाच-पाच जादा चढाया.

पंच होते हायस्कूलचे कुंभार सर. ते नेमके आमच्या मधल्या रक्षकाच्या पाठीमागं अडकले होते आणि तो गडी म्हणजे गोठ्याचं दार. त्यांना काही दिसलं नव्हतं. अशा वेळी आमच्या भागात एक रीत पडून गेली होती. कबड्डीत हात लागला की मी आपणहून हात वर करून बाहेर जायचो, मग पंचांनी बघितलेलं असो नाहीतर नसो. एकदा तर पंच नाही म्हणत होते आणि मी लागला म्हणून बाहेर गेलो, आम्ही हरलो, आणि आमच्याच पोरांनी मला घरापर्यंत शिव्या घातल्या. त्यामुळं अडलं की पंच थेट मलाच विचारायचे. माझ्या शब्दावर निकाल लागायचा. मला त्याची केवढी मिजास होती म्हणून सांगू! कारखान्यात साधा फिटर मी, पण मैदानात गेलो की स्वतःला न्यायाधीश समजायचो.

सर आले. "जालिंदर, लागला का?"

"न्हाई सर."

शिट्टी वाजली. जादा चढायांत आम्ही त्यांना धुतलं. पण त्याआधी कासारखेडची निम्मी माणसं मैदानात घुसली होती. ती माझ्या कोपऱ्याच्याच बाजूला बसलेली, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. "आंधळा का खोटारडा?" असं कुणीतरी ओरडलं. चप्पल आली, ती आमच्या सरपंचाला लागली, तेवढं एक बरं झालं.

उत्तम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आक्काची शपथ घ्या."

"शालनची शपथ. लागला न्हाई."

त्यानं तोंडातली माती थुंकली. मग म्हणाला, "दाजी, ढालीसाठी? आजपासनं तुमच्या घरात पाणी प्यायचो न्हाई." आणि गेला.

घरी आलो तर शालन चुलीपुढं पाठ करून बसलेली.

"हात लागला हुता," ती म्हणाली. "मी म्होरंच बसलेली. ह्या डोळ्यांनी बगितलं."

"तू पण?"

"आन् वर माजी खोटी शपथ घेतलासा. मी मेले असते म्हंजे?"

"मेलीस का? न्हाईस. म्हंजे शपथ खरी."

तिनं माझ्याकडं उलथनं फेकून मारलं. तेही डाव्या बाजूनंच आलं, आणि डाव्या बाजूचं मला हल्ली ऐकूच येत नसल्यामुळं चुकवता आलं नाही.

हे ऐकू न येण्याचं आधी सांगायला हवं होतं. वर्षभर डाव्या कानात एक रातकिडा बसला होता. मी म्हणायचो, विहिरीत पोहताना पाणी गेलंय. फोन उजव्या कानाला लावायचो. दाढी करताना डाव्या गालावर कापायचं आणि रक्त बनियनवर पडलं की मग कळायचं. मी ब्लेडच्या कंपनीला शिव्या द्यायचो. जेवताना हनुवटीला भात चिकटून राहायचा आणि शालन पंगतीत सगळ्यांदेखत म्हणायची, "पुसा तोंड, बारकं प्वार हाय का?" चालताना मधेच तोल जायचा, तर गावानं त्याचा वेगळाच अर्थ काढला होता. प्रत्येक गोष्टीचं माझ्याकडं कारण तयार होतं. एवढी कारणं इंजिनियरला सुचली असती तर आमचा कारखाना कधी बंद पडला नसता.

मग चार दिवसांनी मंडळाच्या खोलीत सामन्याची शूटिंग लावली. लग्नाची शूटिंग करणारा पोपट गावात होता, त्यानं हौसेनं काढली होती. सगळी पोरं भजी खात बसलेली. शेवटची चढाई आली. उत्तम वाकला, डावीकडं झेपावला, आणि त्याची चारही बोटं माझ्या डाव्या गालावर पडली.

नुसती टेकली नव्हती. गाल आत गेला होता, भिजवलेल्या कणकेत बोटं जावीत तसा. आणि पडद्यावरचा मी शांतपणे म्हणत होतो, न्हाई सर.

पोरं टाळ्या पिटायला लागली. "आण्णा, काय ॲक्टिंग केलासा! आयला, आमाला वाटलं तुमी खरंच लई सरळ हाय!" एकानं तर माझ्या पाठीत कौतुकाची थाप मारली. मला आजवर कुणी मारलेलं एवढं लागलं नव्हतं. एवढी वर्षं मी खरं बोलतो म्हणून शिव्या देणारी पोरं, मी खोटं बोललो म्हणून माझ्यावर खूश झाली होती.

घरी गेलो आणि आरशापुढं उभा राहून गाल चिमटीत धरला. काही नाही. वाळत घातलेल्या कपड्यांचा चाप लावला. काही नाही. शालन आली, बघते तर नवरा गालाला चाप लावून उभा.

"आता हे काय?"

"शालन, गालाला चिमटा काढ."

ती चार दिवस बोलत नव्हती. अशी संधी कोण सोडणार? तिनं भावाची, माहेराची, शपथेची, सगळी कसर त्या एका चिमट्यात भरून काढली. नख रुतलं, रक्त आलं.

"काढ की," मी म्हणालो.

तिनं आपल्या नखाकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि पदरानं माझ्या गालावरचं रक्त पुसायला लागली.

मिरजेला गेलो, मिरजेनं पुण्याला पाठवलं. तिथं एका बोगद्यात मला आडवं घालून कानाशी तासभर पत्रे ठोकले. मग डॉक्टर देवस्थळीबाईंसमोर बसवलं. बाई बारीक चणीच्या, आवाज पंचासारखा. म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. मला वाटलं बाईंना फोन आला असावा.

"सुरू करा की मॅडम."

"सगळा गाल फिरून झाला," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी फोटो दाखवला. कानाच्या आतल्या बाजूला, कवटीत, आवळ्याएवढी गाठ. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर वाढलेली. कॅन्सर नाही, पण फुगत फुगत ती शेजारच्या नसेवर रेलली होती, आणि गालाला स्पर्श कळतो तो त्या शेजारणीमुळं.

"म्हंजे गालाला हात लागला तरी मला कळणार न्हाई?" मी विचारलं.

"नाही कळणार."

"गेल्या महिन्यात पण कळला नसता?"

"गाठ वर्षानुवर्षं वाढतेय. नसताच कळला."

मी खुर्चीतनं उठलो. "शालन! गाठ हाय! आवळ्याएवढी हाय!" मी असा ओरडलो की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटना वाटलं असेल मला मुलगा झाला. शालन पदर तोंडाला लावून रडत होती आणि मी हसत होतो. बाईंनी नर्सकडं बघितलं. गाठ मेंदूवरही दाबतेय की काय, अशी शंका त्यांना आली असणार.

"तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतेय?" बाई म्हणाल्या. "कवटी उघडावी लागेल. डावा कान परत येणार नाही. चेहरा हलवणारी नस गाठीला चिकटलीय, तोंड वाकडं होऊ शकतं. गालाची जाणीव येईल किंवा येणार नाही, मी शब्द देत नाही."

"पर खोटारडा न्हाई मी," मी म्हणालो.

"ते माझ्या खात्यात येत नाही," बाई म्हणाल्या.

शालननं दवाखान्यातनंच उत्तमला फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा की माझ्यासारख्या एका कानाच्या माणसालासुद्धा ऐकू आला. "आक्का, गाठ कानात आन् बधिर गाल? उद्या म्हनशील पायात काटा मोडला म्हनून टक्कल पडलं. दाजीनं तुला बी शिकवलं व्हय?" शालननं फोन ठेवला. त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा रडायला सुरुवात केली. हे रडणं वेगळं होतं. नवऱ्याची कवटी उघडणार होते आणि भाऊ येणार नव्हता. माझं हसू तिथंच संपलं.

मला एकच घोर लागला. ऑपरेशननंतर गालाला कळायला लागलं तर पुरावाच गेला! उत्तमनं आधी यावं, स्वतःच्या हातानं बघावं, मग खुशाल कवटी उघडा. मी बाईंना ऑपरेशन पुढं ढकलता येईल का, असंही विचारून बघितलं. त्यांनी जे उत्तर दिलं ते त्यांच्यासारख्या शिकलेल्या बाईला शोभणारं नव्हतं.

उत्तम आला. नाही असं नाही. पण तो आला तेव्हा मला ऑपरेशनला आत नेलं होतं. तो बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून दिवसभर उभा होता, असं शालन सांगते. बहिणीनं चहा दिला तो त्यानं घेतला नाही. मी जिवंत बाहेर आलो एवढं कळल्यावर, कुणाशी न बोलता, गेला.

शुद्धीवर येऊन आरशात बघितलं. उजवीकडं मी होतो आणि डावीकडं आमचे कैलासवासी सासरे. गाल लोंबलेला, ओठाचा कोपरा खाली, डोळा उघडाच्या उघडा. झोपताना त्या डोळ्यात मलम घालून वर चिकटपट्टी लावायची. चहा प्यायलो की निम्मा माझ्या पोटात, निम्मा शर्टावर. चालायला लागलो की भिंतींनाच भेटी देत जायचो. आणि गाल? गाल होता तसाच, भाडेकरू बसवल्यासारखा. जेवताना आतनं चावला जायचा आणि रक्ताची चव आली की मग कळायचं. बाई रोज येऊन टोचून जायच्या. "वेळ लागतो," म्हणायच्या. "गाठ काढलीय, नस मोकळी झालीय. बघू."

घरी आल्यावर गाव बघायला लोटलं. "हसून दाखव," म्हणायचे. हसलो की बिचारे गंभीर व्हायचे. एक म्हातारी तर म्हणाली, "खोटं बोललं की देव तोंड वाकडं करतो." मी म्हणालो, "आजे, मग तुझं सरळ कसं ऱ्हायलं?" शालननं मला आत नेऊन दटावलं. पण गावातली निम्मी माणसं तेच म्हणत होती हे मला माहीत होतं. सगळ्यांसमोर ढाल घेतली, आणि देवानं सगळ्यांसमोर तोंड वाकडं केलं. हिशेब कसा सोपा!

आषाढ लागला आणि एके दिवशी सकाळी उत्तम दारात. एकटा नाही. बरोबर त्यांचा कप्तान रंगराव, आणि मधे कुंभार सर, चक्क पंचाचा पांढरा शर्ट घालून.

"दाजी, मी बघायला आलोय," उत्तम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "आक्का सारखं फोन करती. मला बी झोप न्हाई. खरं असंल तर मी तुमचे पाय धरीन. खोटं असंल तर ह्या घरचा आन् माजा संबंध संपला. सर सांगतील ते मान्य."

आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

सरांनी नियम सांगितले. माझे डोळे टॉवेलनं बांधायचे. उत्तम गालाला हात लावेल किंवा लावणार नाही. दर वेळी सर विचारतील, मी सांगायचं. असा सामना मी उभ्या जन्मात खेळलो नव्हतो. खुर्चीत बसलो. रंगरावानं टॉवेल असा करकचून बांधला की गालाबरोबर डोकंही बधिर झालं असतं.

"जालिंदर, लागला का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"सर, तो लावतोय का नुसताच उभा हाय?"

"तू सांग."

"न्हाई."

रंगरावाचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "आयला, नख लावलं की रं." उत्तमचा श्वास मला ऐकू येत होता. सर खाकरले. निकाल द्यायच्या आधी ते असेच खाकरतात, मी ओळखतो. झालंच होतं. ढाल गेली खड्ड्यात, माझा शब्द परत येत होता, आणि शालनचा भाऊ.

"शेवटचा एकदा," उत्तम म्हणाला.

आणि डोळ्याच्या खाली, नाकाच्या बाजूला, काहीतरी हललं. मुंगी चालल्यासारखं. मला आधी वाटलं टॉवेलचा दोरा. मग ते दाबलं गेलं, आणि ते बोट होतं. वर्षभरानं माझ्या गालावर एक बोट होतं.

काय मुहूर्त शोधला होता त्या नसेनं! आदल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी यायचं. नाही, नेमकं सरांसमोर! गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? कुणाला काय दिसणार होतं? नुसतं न्हाई म्हणायचं, चौथ्यांदा. माझी जीभ तशी वळलीसुद्धा.

"लागला," मी म्हणालो.

रंगराव उसळला. "बगा सर! कळतंय की गालाला! तीन वेळा नाटक आन् चौथ्यांदा चुकून बोलला! मी म्हनत नव्हतो?"

"अरे, पण त्याला गरज काय होती बोलायची?" सर म्हणाले.

"गरज कशाला? सवयीनं गेलं तोंडातनं!"

"सवयीनं म्हणजे काय रे गाढवा? सवय खरं बोलायचीच ना?"

त्यांची जुंपली. उत्तमनं बोट काढलं नव्हतं. ते तिथंच आहे, तेवढं मला कळत होतं, थोडं थोडं. तो माझ्या उजव्या कानाशी वाकला.

"दाजी, गप बसला असतासा तर जिंकला हुतासा."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय? लागला तर लागला म्हनायचं."

तो सरळ उभा राहिला. "रंगराव, खाली बस. त्या दिवशी दाजीला लागलं नव्हतं."

"आन् शूटिंगमधी दिसतंय ते?"

"शूटिंगमधी माजा हात दिसतो. दाजीचा गाल आतनं दिसतो का तुला?" आणि त्यानं खरंच माझे पाय धरले. मी लाथ मारून त्याला उठवला. मला पाय धरलेले आवडत नाहीत, आणि तोल जाऊन मीच खुर्चीतनं पडलो असतो.

तेवढ्यात टॉवेल कुणीतरी ओढून काढला. शालन. दोन्ही हात पिठानं भरलेले, केस सुटलेले. ह्या गड्यांचा खरं-खोट्याचा, ढालीचा, निकालाचा जो गोंधळ चालला होता त्यातलं एक अक्षर तिनं ऐकलं नव्हतं. तिनं एकच शब्द ऐकला होता.

"तुमी लागला म्हनलासा?"

"व्हय."

"कळलं तुमास्नी?"

"व्हय गं."

तिनं उत्तमला कोपरानं बाजूला ढकलला आणि पिठाचा हात माझ्या गालावर ठेवला. "हितं?"

"न्हाई."

"हितं?"

"तितं हाय. जरासं."

ती रडत होती आणि हसत होती, नाकातनं पाणी, आणि बोटं गालावर फिरतच होती. उजव्या डोळ्यातनं माझ्याही धार लागली होती. डावा डोळा कोरडाच, त्याला अजून रडता येत नव्हतं. रंगराव आणि सरांचं भांडण अर्ध्यावरच राहिलं होतं. उत्तम भिंतीकडं तोंड करून उभा होता.

शालनचा हात खाली आला, ओठाच्या वाकड्या कोपऱ्यावर थांबला. ती माझ्याकडं अशी बघत होती की मला तिच्या डोळ्यांत बघवेना. तिथं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिथं आजही कळत नाही.

"आन् हितं?" तिनं विचारलं.

"लागला," मी म्हणालो.

कुंभार सर समोरच बसले होते. त्यांनीही ते मान्य केलं.